बादलीला लाथ

"दुलहिन, जे काय पाठ करायचंय ते मनातल्या मनात कर," असं बाबूजींनी निभाला होळीच्या दुसऱ्या दिवशीच बजावलं होतं. "ही पोर म्हणजे टीपकागद आहे. शाई सांडली की प्यायलीच. उद्या ही चारचौघांत काय बोलेल, त्याला मी जबाबदार नाही."

निभानं पदर सावरून मान डोलावली आणि मनात म्हटलं, बाबूजींना इंग्रजीतलं काय कळतंय.

बाबूजी म्हणजे निभाचे सासरे, रामसकल प्रसाद. त्यांनी पस्तीस वर्षं सरकारी अमीन म्हणून भोजपूर जिल्ह्यातल्या लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर पाटण्यात कंकडबागेत घर बांधलं होतं. मोजायला आता जमीन उरली नव्हती, त्यामुळे ते भाताची वाफ, उन्हाची तिरीप, शेजाऱ्याची नजर असं मिळेल ते मोजत. पोर म्हणजे गुनगुन, निभाची मुलगी, वय वर्षं साडेतीन. नवरा अवनीश सासारामला पाटबंधारे खात्यात होता आणि शनिवारी रात्री येऊन रविवारी संध्याकाळी जायचा, म्हणजे संसारात त्याचा वाटा शनिवार-रविवारच्या पुरवणीइतका होता.

निभा गणितात पदवीधर होती. बँकेच्या कारकुनीच्या परीक्षेत गणिताचा भाग ती गहू निवडल्यासारखा उरकत असे. घोडं अडायचं ते इंग्रजीत. मागल्या वर्षी ती पाव गुणानं नापास झाली होती. पूर्ण गुणानं नापास झालेला माणूस दोन दिवस रडून मोकळा होतो. पाव गुणाचं दुःख मात्र धड रडताही येत नाही आणि कुणाला सांगायला जावं तर ते हसतात. एका चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, म्हणजे कुठलं तरी एक उत्तर तिनं दिलंच नसतं तरी ती आज बँकेत बसून लोकांना दुसऱ्या खिडकीवर पाठवत असती.

ते उत्तर कुठलं, हेही तिला ठाऊक होतं. परीक्षेत एक वाक्य चार तुकडे करून देतात आणि चूक कुठल्या तुकड्यात आहे ते विचारतात. पाचवा पर्याय असतो 'चूक नाही'. निभानं आयुष्यात हा पाचवा पर्याय कधी निवडला नव्हता. ज्या बाईनं घराबाहेर पडताना गॅस तीनदा पाहिला, मुलीचं कपाळ चारदा चाचपलं आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा गॅस पाहायला परत आली, तिला कुठल्या वाक्यात चूक नाही हे पटायचं कसं? ती शोधत राही आणि शोधणाऱ्याला पाटण्यात काय सापडत नाही?

यंदाचा प्रयत्न शेवटचा होता. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत ती बसणार नव्हती. बाबूजींनी परवानगी दिली होती ती एका अटीवर: "परीक्षा दे, पण घरात गडबड नको."

मुसल्लहपूर हाटातल्या एका माडीवर झा सर इंग्रजी शिकवायचे. एका खोलीत दीडशे मुलंमुली, त्यामुळे मागच्या रांगेला सर दिसत नसत, फक्त पटत असत. त्यांची पद्धत अशी, की शब्द पाठ करायचा नाही, त्याला फोडायचा आणि फोडलेला शब्द एखाद्या ओळखीच्या चेहऱ्याला बांधून टाकायचा. गलिबल, म्हणजे गल्लीतला बैल, कुणीही हाकावा, म्हणून भोळसट. ओबीस, म्हणजे जेवताना ज्याला 'ओ, बस!' म्हणावं लागतं तो, अर्थात लठ्ठ. फीबल, म्हणजे शाळेचं फी-बिल पाहून बापाचं जे होतं ते, अशक्त. "आणि वाक्प्रचार," सर खडू आपटून सांगत, "वाक्प्रचार अंगानं पाठ करायचे! करून दाखवा! देह विसरत नाही!"

निभानं हे सगळं प्रामाणिकपणे केलं. मोठमोठ्यानं म्हणत भाकऱ्या भाजल्या. 'किक द बकेट', बादलीला लाथ मारणे, म्हणजे मरणे, हा वाक्प्रचार तर तिनं न्हाणीघरात प्लास्टिकच्या मगाला एकवीस वेळा लाथ मारून पाठ केला. दारात उभी राहून गुनगुन टाळ्या वाजवत होती. वाक्प्रचाराचा पहिला अर्धा भाग तिला फार आवडला. दुसरा अर्धा निभा तोंडातल्या तोंडात म्हणायची, कारण मुलीसमोर मरणाचं बोलू नये एवढी ती खबरदार होती.

शब्द बांधायला चेहरे हवे होते आणि तेही दूर नव्हते. भिंतीपलीकडे त्रिवेणीबाबू राहत, सचिवालयातून हेडक्लर्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी दुर्गावती चाची रोज सकाळी निभाकडे 'उभ्या उभ्या' येत आणि दीड तास उभ्या राहून बोलत. गॅरुलस, म्हणजे 'घर-रोज', रोज घरी येऊन बोलणारी, अर्थात बडबडी. ह्या शब्दाला दुसरा चेहरा शोधणं म्हणजे शब्दावरच अन्याय झाला असता.

एका सकाळी चाची दारात दिसताच गुनगुन आनंदानं ओरडली, "मम्मी, गॅरुलस आल्या!"

"काय म्हणाली गं बबुनी?" चाचींनी विचारलं.

"फूल आहे एक," निभा म्हणाली. "विलायती. फार सुंदर असतं."

चाची लाजल्या. त्या दिवशी त्या दोन तास बोलल्या. पण त्यांच्या घरात शब्दकोश होता, आणि तो उघडणारा माणूसही निवृत्त असल्यामुळे मोकळा होता. पुढचे तीन दिवस चाची आल्याच नाहीत. ते तीन दिवस निभाच्या अभ्यासाच्या इतिहासात सुवर्णयुग म्हणून नोंदले जावेत. चौथ्या दिवशी भिंतीवरून त्रिवेणीबाबूंचं डोकं वर आलं.

"निभा दुलहिन, शब्द बरोबर वापरलास," ते शांतपणे म्हणाले. "तीस वर्षं मला हा शब्द सुचत नव्हता. पण परीक्षा काही सुट्या शब्दांवर पास होत नाही. उताऱ्याचं आकलन पाहिजे. उद्यापासून सकाळी सात वाजता मी इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचणार, तू इकडून अर्थ सांगायचा. मी सांगतो तो बरोबर."

त्यामुळे रोज सकाळी सात वाजता भिंतीच्या एका बाजूनं जगाची अर्थव्यवस्था येऊ लागली आणि दुसऱ्या बाजूला निभा तिच्याकडे पाहत तांदूळ धुऊ लागली. ही भिंत सामाईक होती, आणि ती बाबूजींनी स्वतः मोजून घातली होती. अग्रलेख संपला की त्रिवेणीबाबू भिंतीकडे एकदा पाहत, बाबूजी त्यांच्याकडे पाहत आणि दोघंही न बोलता चहाला जात. चाचीही पुन्हा येऊ लागल्या, आणि तीन दिवसांची थकबाकी त्यांनी दोन सकाळींत भरून काढली.

गुनगुननं बाबूजींनाही सोडलं नाही. "फीबल दादाजी, गोष्ट सांगा," असं ती एका रात्री म्हणाली.

"दुलहिन, फीबल म्हणजे?" बाबूजींनी चष्म्यावरून पाहिलं.

निभाच्या हातातली कढई थांबली. "पूज्य," ती म्हणाली. "म्हणजे आदरणीय."

त्या रात्री बाबूजींनी गोष्ट लांबवली, आणि दुसऱ्या दिवशी दूधवाल्याशी बोलताना ते जरा ताठ उभे होते.

परीक्षेचं प्रवेशपत्र आलं तेव्हा नवीनच लचांड निघालं. मॅट्रिकच्या दाखल्यावर ती निभा कुमारी होती आणि लग्नानंतर काढलेल्या आधारकार्डावर निभा देवी. आमच्याकडे मुलगी सासरी येताना भांडी आणते तशी कुमारीची देवी होऊन येते. त्यात कुणाला काही वाटत नाही, फक्त परीक्षा केंद्राच्या फाटकावरच्या माणसाला वाटतं. कुमारी आणि देवी ह्या दोघी एकच, असं शपथपत्र पाहिजे होतं, आणि हे तिला कळलं परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी. सासूबाई भावाकडे आऱ्याला गेलेल्या, अवनीश रात्री येणार. निभानं गॅस तीनदा पाहिला, गुनगुनला बाबूजींपाशी सोपवलं आणि कचेरी गाठली.

कचेरीत झाडाखाली टायपिंगवाला बसला होता. त्यानं पहिल्यांदा 'निभा देवी ही निभा कुमारीची आई' असं टाइप केलं, मग 'बहीण' केलं. तिसऱ्या खेपेला ती एकटी उरली. कागद घेऊन ती नोटरीपुढे गेली तर नोटरीनं चष्मा काढून विचारलं, "दोघी आल्यात का?"

"मीच आहे ना," निभा म्हणाली.

"तुम्ही कोण? देवी की कुमारी?"

निभानं क्षणभर विचार केला. पाच पर्याय दिले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. "देवी," ती म्हणाली.

"मग कुमारीची सही कोण करणार?"

शेवटी तिनं दोन सह्या केल्या, एक थोडी लाजरी. ह्याला चार तास लागले. फोन तिनं अकराच्या सुमाराला बंद केला, कारण नोटरीला आवाज चालत नव्हता, आणि पुन्हा चालू करायचा विसरली. एवढी खबरदार बाई नेमकी हेच कशी विसरली, ह्यावर पुढे घरात बरीच चर्चा झाली.

इकडे घरी दहा वाजता वीज गेली. न्हाणीघराला खिडकी नव्हती. बाबूजी अंघोळीला गेले आणि अंधारात त्यांचा पाय सासूबाईंच्या माहेराहून आलेल्या लोखंडी बादलीवर सणसणीत आपटला. त्या बादलीत जितकं पाणी मावतं त्याहून जास्त तिचंच वजन आहे. बाबूजींचा अंगठा टम्म फुगला. त्यांनी एका हातानं धोतर आणि दुसऱ्या हातानं भिंत धरून रस्ता गाठला, ई-रिक्षा थांबवली, गुनगुनला "जा, चाचीकडे जाऊन बस, मी आलोच" म्हणून शेजारच्या फाटकातून आत ढकललं आणि ते मलमपट्टीला निघून गेले.

चाची तांदूळ पाखडत होत्या. "एकटीच का गं बबुनी? दादाजी कुठायत?"

"दादाजी किक द बकेट!" गुनगुन म्हणाली. तिनं स्वतः पाहिलं होतं, आणि मम्मीपेक्षा दादाजींनी जास्त जोरात मारली होती.

"काय म्हणतेय ही?" चाचींनी आत हाक मारली.

त्रिवेणीबाबू पेपर खाली ठेवून बाहेर आले. त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाक्प्रचार आहे."

"मग ते आहेत कुठं आत्ता?" चाचींनी पोरीला विचारलं.

"गाडीवाला घेऊन गेला."

कंकडबागेतल्या त्या गल्लीत दुसरा कुठलाही माणूस भिंतीपलीकडे डोकावून बादली पाहून आला असता. पण त्रिवेणीबाबूंनी अडतीस वर्षं सचिवालयात कागदावर जे आहे तेच खरं मानलं होतं. चाचींनी सूप खाली ठेवलं, आऱ्याला फोन लावला आणि मग गल्लीत गेल्या. गॅरुलस ह्या शब्दाचा इतका चपखल उपयोग झा सरांनाही फळ्यावर दाखवता आला नसता.

दोन वाजता निभा गल्लीत वळली तेव्हा तिला पहिल्यांदा चपला दिसल्या. तिच्या फाटकाबाहेर साठ-सत्तर चपला होत्या. कापडी मांडव पडला होता, त्याखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि खुर्च्यांवर कुणी कुणाकडे न पाहता बसलेली माणसं. गुनगुन! एवढं एकच तिच्या मनात आलं. ती धावली, आणि गुनगुन चाचींच्या मांडीवर ठेकुआ खात बसलेली दिसली तेव्हा तिनं तिचं कपाळ चाचपलं. गार होतं.

"मन घट्ट कर दुलहिन," चाची म्हणाल्या. "तुझे बाबूजी गेले."

"कुठं?"

"आता काय सांगू कुठं. न्हाणीघरातच. अजून आणलं नाही हॉस्पिटलातून. अम्माजी निघाल्यात आऱ्याहून." मग त्यांनी निभाच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं आणि आवाज खाली केला. "आता परीक्षेचं मनातून काढून टाक बाई. तेरा दिवस उंबरा ओलांडायचा नाही."

निभा खाली बसली. तिचे बाबूजी गेले होते, सकाळी तिच्यासाठी स्वतः चहात आलं किसून टाकणारे. आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो तेरा दिवसांचा. उद्या रविवार. पाव गुण. शेवटचं वर्ष. हा विचार आपल्याच डोक्यात आला हे कळल्यावर तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं, सून असावी तर अशी.

डोळे पुसून तिनं वर पाहिलं. तिची जात पाहणाऱ्यांची. शेवटच्या रांगेत, अगदी कडेच्या खुर्चीवर, डोक्यावरून गमछा ओढून एक माणूस बसला होता. त्याचा चेहरा दिसत नव्हता. पण त्याच्या उजव्या पायाचा अंगठा पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला होता, आणि डाव्या पायातली चप्पल निभानं मागल्या छठला आणलेली होती.

ती ओरडणार इतक्यात गमछ्याखालून एक बोट वर आलं आणि ओठांवर गेलं.

झालं होतं असं, की बाबूजी पट्टी करून आले तो दारात मांडव. पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसाला त्यांनी विचारलं, "कोण गेलं?" तो म्हणाला, "रामसकल प्रसाद म्हणून कुणी अमीन होते." बाबूजींनी विचारलं, "माणूस कसा होता?" तो म्हणाला, "बसा ना, ऐका." अंगठाही ठणकत होता, म्हणून ते बसले. पस्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचं मोजलं होतं. आपलं माप काय निघतं, हे ऐकायची संधी काही रोज येत नाही.

निभाला आता दोन्ही बाजूंनी काही बोलता येईना. चाची तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि समोर मयत माणूस मान डोलावत ऐकत होता. दूधवाला म्हणाला, भला माणूस, दूध मोजून घ्यायचा पण त्यातल्या पाण्याचा विषय काढायचा नाही. बाबूजींची मान हलली. कुणी म्हणालं, सुनेला लेकीसारखं शिकवलं. बाबूजींनी नाक ओढलं. मग त्रिवेणीबाबू उठले. त्यांनी खिशातून कागद काढला आणि इंग्रजीत दोन मिनिटं श्रद्धांजली वाचली. तिची सुरुवात 'मला कळवण्यास सन्मान वाटतो की' अशी होती, ते सचिवालयातलंच सगळं. मग ते आपल्या बोलीवर आले.

"रामसकलबाबूंशी माझं वैर नव्हतं," ते गहिवरून म्हणाले. "मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. म्हणून मी त्या भिंतीबद्दल काही बोलणार नाही. ती माझ्या जागेत एक फूट आत आहे, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण देवानं त्यांना माफ करावं. मी केलं."

"एक फूट?" शेवटच्या रांगेतून आवाज आला. गमछा खाली पडला होता. "एक फूट? त्रिवेणी, मी मोजलेली भिंत आहे ती! एक सूतसुद्धा इकडे-तिकडे नाही! दुलहिन, कपाटातली फीत आण!"

दोन बायका किंचाळल्या. पलीकडच्या गल्लीतला माणूस खुर्चीसकट मागे सरकला. त्रिवेणीबाबूंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, मग बाबूजींकडे पाहिलं, आणि कुठल्यावर विश्वास ठेवावा हे त्यांना कळेना.

"पण मुलगी म्हणाली..." ते म्हणाले.

"दादाजी किक द बकेट," गुनगुन ठेकुआ खाता खाता म्हणाली. "अशी!" आणि तिनं लाथ मारून दाखवली. निभाला त्या लाथेत स्वतःची ढब स्पष्ट दिसली.

फीत आली. मयताला आलेल्या लोकांनी दोन टोकं धरून भिंत मोजली. ती बरोबर निघाली. त्रिवेणीबाबू म्हणाले, फीत जुनी आहे, आकसली असेल. मांडववाला म्हणाला, मांडव ठेवू की काढू, ते एकदा नक्की सांगा.

भिंतीच्या नादात आऱ्याला किंवा अवनीशला उलटा फोन करायचं कुणालाच सुचलं नव्हतं. संध्याकाळी आऱ्याहून बोलेरो आली. तिच्यातून सासूबाई, त्यांचे भाऊ, भावजया, पंडितजी, न्हावी असे अकरा जण उतरले. टपावर हिरवे बांबू बांधलेले होते. सासूबाईंनी दारात खुर्चीवर पाय वर करून बसलेल्या नवऱ्याला पाहिलं. त्या रडल्या नाहीत. हातातल्या बांगड्या मागे सारत म्हणाल्या, "वाटलंच मला. वाटेत सगळ्या म्हणत होत्या, फोडा, फोडा. म्हटलं, आधी जाऊन बघते. ह्या माणसाचं कुठलं काम कधी पक्कं झालंय?"

"हिच्या माहेरच्या बादलीनंच केलं सगळं," बाबूजी म्हणाले.

"बादली फुटली का?"

"नाही."

"मग झालं तर."

आलेल्या माणसांना उपाशी झोपवता येत नाही, मग ती कशासाठीही आलेली असोत. निभानं अकरा जणांसाठी लिट्ट्या भाजल्या. अवनीश नऊ वाजता आला तो रस्ताभर रडून आलेला, आणि बापाला वांग्याचं भरीत खाताना पाहून पुन्हा रडला. घरात गडबड नको, ही अट अशी पाळली गेली. कुणी निभाला काही बोललं नाही. फक्त झोपायच्या आधी बाबूजींनी विचारलं, "दुलहिन, तुझं केंद्र किती लांब आहे?"

"दानापूरच्या पुढं. आठला फाटक बंद होतं. पण बाबूजी, एवढी माणसं घरात..." ती थांबली. दुपारचं ते सांगून टाकावं असं तिला वाटलं. "बाबूजी, चाची म्हणाल्या तुम्ही गेलात, तेव्हा माझ्या मनात आधी..."

"परीक्षा आली," बाबूजी म्हणाले. "मी बघत होतो ना तुझं तोंड. त्या मांडवात माझ्या जाण्यानं काही अडलं असं एकट्या तुझंच दिसत होतं. बाकीचे नुसते बसले होते. झोप आता."

सकाळी सहाला रिक्षा मिळेना. तेव्हा जी गाडी बाबूजींना घाटावर न्यायला आली होती, तिच्यातच बाबूजी निभाला घेऊन बसले. बांबू सोडायला वेळ नव्हता. मागच्या सीटवर पंडितजी झोपलेले होते, त्यांना उठवायलाही वेळ नव्हता. बेली रोडला वाहनांची ही गर्दी लागली. पण टपावर हिरवे बांबू, पुढे गंभीर चेहऱ्याचा म्हातारा आणि मागे डोळे मिटून ओठ हलवणारी सून, असं पाहिल्यावर लोकांनी हात जोडून वाट दिली. एका पोलिसानं तर शिट्टी मारून चौक रिकामा केला. निभा ओठ हलवत होती ते शब्दांच्या यादीसाठी. निरोप देणाऱ्यांना ते रामनाम वाटलं.

फाटकावर प्रवेशपत्र, आधारकार्ड आणि शपथपत्र पाहून झाल्यावर पहारेकऱ्यानं गाडीकडे बोट केलं. "आणि हे कोण?"

बाबूजींनी पट्टीचा पाय खाली ठेवला, ताठ झाले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "मी हिचा सासरा. फीबल."

पहारेकरी स्वतः तीनदा ही परीक्षा देऊन तिथं उभा होता. त्यानं पायाची पट्टी पाहिली, टपावरचे बांबू पाहिले आणि अत्यंत सहानुभूतीनं म्हणाला, "दिसतंच आहे, बाबा. सावलीत बसा."

"पाहिलंस?" बाबूजी निभाला म्हणाले. "शिकलेल्या माणसाला कळतं."

निभानं त्यांना आजतागायत खरा अर्थ सांगितलेला नाही. तुम्हीही सांगू नका.

इंग्रजीच्या भागात 'फीबल'चा समानार्थी शब्द आला होता. 'अशक्त' हा पर्याय निवडताना तिला बाहेरच्या गाडीकडे पाठ करून बसल्यासारखं वाटलं. मग ते चार तुकड्यांचं वाक्य आलं. एक म्हातारा सकाळपासून फाटकाबाहेर सुनेची वाट पाहत बसला आहे, अशा अर्थाचं. तिनं काळ तपासला. कर्ता तपासला. 'पासून'साठी वापरलेला शब्द तपासला. पहिल्या तुकड्यात काहीतरी असणारच, इतकं सरळ कसं असेल? तिनं पुन्हा पाहिलं, गॅससारखं, तीनदा. मग तिनं विचार केला, की म्हातारा खरंच बसला आहे. सकाळपासून. फाटकाबाहेर. वाट पाहत. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पाचवा पर्याय निवडला आणि मागे वळून न पाहता पुढच्या प्रश्नावर गेली.

निकालात ती सव्वातीन गुणांनी वर निघाली. तीन गुण कुठून आले ह्याबद्दल घरात मतभेद आहेत. चाची म्हणतात त्यांनी भिजवून दिलेले बदाम, त्रिवेणीबाबू म्हणतात अग्रलेख. वरचा पाव गुण कुठला, ते निभाला ठाऊक आहे.

आता ती लखनौला आहे. बँकेचं तीन आठवड्यांचं प्रशिक्षण चालू आहे, आज नववा दिवस. गुनगुन घरी बाबूजींपाशी असते. आणि आज सकाळी घरून फोन आला. गुनगुन होती. धापा टाकत म्हणाली, "मम्मी, दादाजी पुन्हा किक द बकेट!" आणि फोन कट झाला.

तेव्हापासून लागत नाही. सासूबाई एकादशीला गंगेवर जातात आणि फोन घरीच ठेवतात. अवनीश कालव्याच्या कामावर आहे, तिथं रेंज नसते. त्रिवेणीबाबूंना फोन करायची सोय आहे, पण ते अर्थ सांगतील. निभाला अर्थ नको आहे. ती लखनौला निघाली त्याच्या आदल्या दिवशी बाबूजी म्हणत होते की जिना चढताना छातीत भरून येतं, आणि वर म्हणाले होते, काही नाही, वारा असेल. तेव्हा तिनं मान डोलावली होती, होळीनंतर डोलावली होती तशीच.

म्हणून निभाचं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी कंकडबागेच्या बाजूला राहत असेल, तर जरा जाऊन याल का? पाण्याच्या टाकीपासून तिसरी गल्ली, निळं फाटक, पेरूचं झाड. दार वाजवा. गुनगुनला काही विचारू नका, ती खरंच सांगेल. आधी न्हाणीघरात पाहा. लोखंडी बादली आडवी पडली असेल तर सरळ करून ठेवा. आणि बाबूजी खुर्चीवर पाय वर करून बसलेले दिसले, तर त्यांना मी, निभानं, पाठवलंय म्हणू नका, रागावतील. फक्त मला कळवा. लांबलचक काही नको, पाचवा पर्याय तेवढा कळवा.